जोडीचा डिसेंबर : टोकियो ते मोरिओका

बुधवार, ५ डिसेंबर २०१८. सुइदोबाशी

न्यू जपान प्रो-रेसलिंग या व्यावसायिक कुस्ती संस्थेच्या ‘वर्ल्ड टॅग लीग’ची, म्हणजे जोड्यांच्या साखळी स्पर्धेची, अंतिम लढत येत्या रविवारी उत्तरेकडच्या इवाते प्रांतात आहे. त्यासाठीच मी जपानला आलोय. सकाळी विमानतळावरून थेट निशी-कासाईला मावसभावाकडे गेलो. तो इथे नोकरीला आहे आणि त्याला जपानी उत्तम येतं. आंघोळ आणि पोहे उरकून दुपारी आम्ही सुइदोबाशीला पोचलो.

स्टेशनातून बाहेर पडलं की टोकियो डोमचं पांढरं फुगीर छत दिसतं. मला मात्र त्याच्या शेजारच्या इमारतीतला पाचवा मजला बघायचा होता. तिथे कोराकुएन हॉल आहे. १९६२ साली सुरू झालेला हा हॉल दोन हजार माणसांनासुद्धा पुरत नाही, पण मुष्टियुद्ध आणि प्रो-रेसलिंग या दोन्हींचं जपानमधलं खरं घर हेच. लिफ्ट सोडून आम्ही मुद्दाम जिन्यानं चढलो. जिन्याच्या भिंती चाहत्यांनी लिहून भरून टाकल्या आहेत. मल्लांची नावं, तारखा, हाणामारीची चित्रं, कुणाला दिलेल्या शिव्या, कुणाचे मानलेले आभार. मावसभाऊ वाचून सांगत होता. नव्वदच्या दशकातले मोठे मल्ल मिसावा आणि कोबाशी यांची नावं आली की मी थांबायचो.

स्पर्धा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यंदा चौदा जोड्या आहेत. साखळी पद्धत असल्यामुळे प्रत्येक जोडी बाकीच्या सगळ्यांशी भिडणार, म्हणजे प्रत्येकीला तेरा लढती. विजयाला २ गुण, बरोबरीला १, हरणाऱ्याला काही नाही. एका लढतीला तीस मिनिटांची मर्यादा. सर्वाधिक गुणांच्या दोन जोड्या अंतिम लढतीत उतरतात. विजेत्यांना वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात, ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये, टॅग अजिंक्यपदावर दावा सांगता येतो.

आता मी कशासाठी एवढ्या लांब आलो तेही सांगतो. मी कराडचा. आमच्याकडे कुस्ती म्हणजे दोन पैलवान आणि माती. मदतीला कोणी येत नाही, यायचंही नसतं. इथे मात्र प्रत्येक जोडीच्या कोपऱ्यात एक माणूस एप्रनवर, म्हणजे रिंगच्या दोराबाहेरच्या कडेवर, उभा असतो. कोपऱ्याला बांधलेली आखूड दोरी त्यानं हातात धरलेली असायला हवी. ती धरून, हात लांबवून जोडीदाराच्या हाताला हात लावता आला तरच त्याला आत येता येतं. तोपर्यंत आपला माणूस समोर मार खात असला तरी बघत उभं राहायचं. माझ्या मते या स्पर्धेचा जीव त्या उभ्या माणसात आहे. तो काय करतो, दोरी कशी धरतो, किती वाकतो, कुणाकडे बघतो, हे बघायला शिकलं की टॅग लढत वेगळीच दिसायला लागते.

गुरुवार, ६ डिसेंबर. कुरामाए, र्‍योगोकु, बुदोकान

सकाळी सुमिदा नदीकाठी कुरामाएला गेलो. पिवळ्या पुलाच्या जवळ पूर्वी कुरामाए कोकुगिकान हे सुमोचं मोठं सभागृह होतं. १९८४ साली ते बंद झालं. आता तिथे महानगराच्या सांडपाणी खात्याची इमारत आहे. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पण मला त्या जागेवर उभं राहायचंच होतं. २२ डिसेंबर १९५४ ला जपानी प्रो-रेसलिंगचा जनक रिकिदोझान आणि ज्युदोपटू किमुरा इथेच भिडले. आणि माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी तारीख म्हणजे १५ डिसेंबर १९७७.

त्या काळी जोड्यांच्या साखळी स्पर्धेवर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. १९७० साली जुन्या जपान प्रो-रेसलिंग संस्थेनं एक भरवली होती, ती इनोकी (पुढे न्यू जपान काढणारा) आणि होशिनो या जोडीनं जिंकली. मग १९७७ च्या डिसेंबरात न्यू जपानची प्रतिस्पर्धी असलेल्या ऑल जपान संस्थेच्या जायंट बाबानं ‘वर्ल्ड ओपन टॅग’ भरवली. बाबा म्हणजे योमिउरी जायंट्सचा माजी बेसबॉल पिचर, २०९ सेंटिमीटर उंचीचा. या स्पर्धेत तो स्वतः जम्बो त्सुरुताला घेऊन उतरला होता. पण शेवटच्या रात्री लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या दोन परदेशी जोड्या. एकीकडे टेक्ससचे डोरी आणि टेरी फंक हे भाऊ, दुसरीकडे अब्दुल्ला द बुचर आणि द शेख.

बुचरनं जेवणाचा काटा काढला आणि टेरीच्या उजव्या दंडात खुपसला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. टेरीला बाहेर न्यावं लागलं. डोरी एकटा पडला आणि दोघांचा मार खात राहिला. मग हाताला पट्टी बांधलेला टेरी परत आला आणि निकामी उजवा हात लोंबत असताना डाव्या हातानं ठोसे मारायला लागला. लढत फंक बंधूंना बहाल झाली आणि स्पर्धाही त्यांनीच जिंकली. त्याआधी जपानी रिंगमध्ये परदेशी मल्ल म्हणजे बहुतेक वेळा खलनायक. त्या रात्रीनंतर शाळकरी पोरापोरींनी फंक बंधूंना डोक्यावर घेतलं. मी ही लढत चित्रफितीवर अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी नजर डोरीवरच जाते. भाऊ आत नाही, हात द्यायला कोपऱ्यात कोणी नाही, तरी तो मधूनच त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघतो.

पुढच्याच वर्षी स्पर्धेचं नाव बदललं. ‘सेकाई साइक्यो टॅग केत्तेई लीग’, म्हणजे जगातली सर्वांत बलाढ्य जोडी ठरवणारी साखळी. १९७८ ला ती बाबा आणि त्सुरुतानं जिंकली. तेव्हापासून ऑल जपानचा डिसेंबर जोड्यांचा झाला. न्यू जपाननंही १९८० पासून स्वतःची टॅग लीग सुरू केली. नावं बदलत, मध्ये खंड पडत ती आजपर्यंत आली. ‘वर्ल्ड टॅग लीग’ हे नाव २०१२ पासूनचं.

कुरामाएची आणखी एक रात्र सांगायलाच हवी. १३ डिसेंबर १९८१. ऑल जपानच्या लीगची शेवटची लढत, फंक बंधू विरुद्ध ब्रूझर ब्रोडी आणि जिमी स्नुका. ब्रोडी-स्नुकाच्या कोपऱ्यात काउबॉय टोपी घातलेला, साध्या कपड्यांतला एक माणूस उभा होता. स्टॅन हॅन्सन! काही दिवसांपूर्वीपर्यंत तो न्यू जपानच्या टॅग लीगमध्ये खेळत होता. त्यानं रिंगबाहेर टेरीला लॅरिएट, म्हणजे ताठ हाताचा मानेवरचा तडाखा, हाणला आणि ब्रोडी-स्नुका जिंकले. एका माणसाच्या नुसत्या उभं राहण्यानं अख्ख्या धंद्याची समीकरणं बदलली. त्याच लीगमध्ये आपल्या पंजाबचा टायगर जीत सिंगही होता, जोडीदार केस पिवळे केलेला उमानोसुके उएदा. १९७३ साली शिंजुकूच्या भर रस्त्यात इनोकीवर हल्ला करून गाजलेला हा माणूस. जपानमधल्या एका पिढीला भारत म्हटलं की आधी तोच आठवतो, हे मावसभावानंही ऑफिसात अनुभवलंय.

पूल ओलांडून र्‍योगोकुला नवं कोकुगिकान बाहेरून पाहिलं. जेवून चार वाजता कितानोमारू उद्यानातल्या बुदोकानला गेलो. नव्वदच्या दशकात ऑल जपानची लीग इथे संपायची. ३ डिसेंबर १९९३ ला मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए ही लढत इथेच झाली. कोबाशी तोवर जोडीतला धाकटा. जोडीत धाकटा हरतो, थोरला जिंकून देतो, असा अलिखित क्रम. त्या रात्री कोबाशीनं स्वतः कावादाला चीत केलं आणि मिसावा बाहेर होता. मल्ल मोठा झाला हे सांगायला याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. मिसावा-कोबाशींनी १९९३ ते १९९५ अशी सलग तीन वर्षं ही लीग जिंकली.

शुक्रवार, ७ डिसेंबर. उत्तरेकडे

आज तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, वाटेवरच्या एका लहान शहरात उतरलो. नगरपालिकेच्या व्यायामशाळेत फिरत्या दौऱ्याचा कार्यक्रम होता. कोराकुएनपेक्षा मला असे कार्यक्रम जवळचे वाटतात. दारात बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायचे, जमिनीवर निळी ताडपत्री, तिच्यावर घडीच्या खुर्च्या. भिंतीवर बास्केटबॉलच्या जाळ्या गुंडाळलेल्या. टॉवेल आणि टी-शर्ट विकायला टेबलं मांडलेली. टेबलामागे शिकाऊ मल्ल पाठ ताठ करून उभे. दुपारी रिंग उभारतानाही हेच होते आणि रात्री मोडतानाही हेच असणार.

निकाल आधी ठरलेला असतो हे जपानमध्ये आणि बाहेरही सगळ्यांना कळतं. दशावतारात राक्षस मरणार हे ठाऊक असूनही आपण पहाटेपर्यंत बसतो, तसंच हे. आणि पडणारा माणूस खरंच लाकडी फळ्यांवर पडतो. पहिल्या चार रांगांत बसलं की तो आवाज पोटात जाणवतो.

यंदाच्या लीगमध्ये शोता उमिनो आणि आयातो योशिदा ही पोरसवदा जोडी आहे. उमिनो न्यू जपानच्या तालमीतला, काळी चड्डी आणि काळे बूट. शिकाऊ मल्लाला याहून जास्त नटायची परवानगी नसते. प्रसिद्ध पंच ‘रेड शूज’ उन्नो यांचा तो मुलगा. योशिदा बाहेरच्या लहान संस्थेतून आलेला. या दोघांनी संपूर्ण लीगमध्ये एकही लढत जिंकली नाही. तेरापैकी तेरा हरले. चौदा जोड्यांत अशी एक का ठेवतात, असं मावसभावानं विचारलं.

मी म्हटलं, “तू फक्त बाहेर उभ्या असलेल्याकडे बघ.”

योशिदा आत अडकला होता आणि उमिनो बाहेर. त्यानं दोरी मुठीत गच्च धरली होती, एक पाय मधल्या दोरावर, हात इतका ताणलेला की खांद्याच्या शिरा दिसत होत्या. तोंडानं सतत योशिदाच्या नावाचा पुकारा. योशिदा रांगत दोन फुटांवर आला की समोरचा अनुभवी मल्ल त्याचा पाय धरून मागे ओढायचा. पुढच्या रांगेतली एक बाई दोन्ही हात जोडून बसली होती. शेवटी हात लागला तेव्हा शाळकरी पोरं खुर्च्यांवरून उठली. उमिनो आत शिरला, पाच-सहा फटके भरभर हाणले आणि पाच मिनिटांत हरलाही. पण त्या पाच-सहा फटक्यांसाठी व्यायामशाळा दणाणली. मावसभाऊ माझा हात धरून म्हणाला, “दादा, कळलं.”

शेजारी निवृत्त क्रीडाशिक्षक बसले होते. मी कराडकडचा, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरजवळचा, असं मावसभावानं सांगितल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, हेलसिंकी १९५२, बँटमवेट, सुवर्ण आमच्या इशिई शोहाचींचं! त्याच गटात खाशाबांचं कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दोन नावांवर आमची जी ओळख झाली ती रात्री सूपच्या दुकानापर्यंत टिकली. या लीगमध्येही खरे ऑलिंपिक कुस्तीगीर आहेत हे त्यांनीच बोटांवर मोजून दाखवलं. नाकानिशी १९९२ च्या बार्सिलोनाचा, जेफ कॉब २००४ च्या अथेन्सचा, ग्वामकडून खेळलेला. नाकानिशी आता पन्नाशीला टेकलाय, युजी नागाताबरोबर जोडी करतो. चालताना मान वळत नाही त्याची, पण समोरच्याला कमरेत धरून उचलताना हात कुठे लावायचा हे तो विसरलेला नाही. ती पकड आपल्या कुठल्याही वस्तादाला ओळखीची वाटली असती.

शनिवार, ८ डिसेंबर. मोरिओका

शिंकानसेननं मोरिओका. कडाक्याची थंडी, कोरडी हवा, आणि शहराच्या मागे इवाते पर्वत, २०३८ मीटर, माथ्यावर बर्फ. कितागामी नदीच्या पुलावरून तो समोर दिसतो. न्यायालयाच्या आवारात ग्रॅनाइटचा प्रचंड दगड फोडून वर आलेलं चेरीचं झाड आहे, ते निष्पर्ण होतं तरी पाहिलं. जेवायला जाजामेन: सपाट जाड नूडल्सवर खमंग मिसो आणि काकडी. संपत आलं की वाडग्यात अंडं फोडायचं आणि गरम पाणी घालून घ्यायचं. दोन वाडगे खाल्ले.

मोरिओका हे कुस्तीशौकिनांचं गाव आहे हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. ग्रेट सासुके इथला. १९९३ साली त्यानं मिचिनोकु प्रो ही संस्था उभी केली, टोकियोकडे पाठ करून, तोहोकूची गावं फिरण्यासाठी. २००३ साली तो प्रांताच्या विधानसभेवर निवडून आला आणि मुखवटा घालूनच सभागृहात बसला. मतदारांनी मुखवट्यालाच मत दिलं होतं, मग तो काढायचा कशाला, हा त्याचा मुद्दा मला पूर्ण पटतो. ताका मिचिनोकुही इथलाच. यंदा तो झॅक सेबर ज्युनिअर आणि ताइची यांच्या कोपऱ्यात असतो, माइक हातात घेऊन सेबरची थोरवी गात.

संध्याकाळ खोलीतच गेली, गुणतक्ता पुढ्यात घेऊन. तेनझान आणि कोजिमा यांच्या नावाशी मी बराच वेळ थांबलो. १९७०-७१ चा जन्म दोघांचा. २००१ साली न्यू जपानची टॅग लीग जिंकली, मग कोजिमा ऑल जपानला निघून गेला आणि तरीही २००६ आणि २००८ ला दोघांनी मिळून ऑल जपानची लीग जिंकली. दोन संस्था, एक जोडी. आता गुडघे साथ देत नाहीत, पण एकानं हाक मारली की दुसरा कुठून येणार हे बघावं लागत नाही.

रविवार, ९ डिसेंबर. ताकिझावा

मोरिओका स्टेशनावरून बसनं ‘आपिओ’ या प्रदर्शन केंद्रात. शेजारच्या ताकिझावा शहरात, मोकळ्या माळावर. लोखंडी छत, लांबच लांब दालन. एरवी इथे शेतीची अवजारं आणि गाड्या मांडत असतील. आज मध्यभागी रिंग. आजोबा, आजी, नातवंडं, तीन पिढ्या एका रांगेत. अनेक जण काळे टी-शर्ट घालून आलेले, म्हणजे नाइतो या लोकप्रिय मल्लाच्या लॉस इन्गोबेर्नाब्लेस गटाचे चाहते. त्याच गटाचे इव्हिल आणि सानादा आज अंतिम लढतीत होते.

समोर ‘गुरिला ऑफ डेस्टिनी’ ही जोडी, टामा टोंगा आणि टांगा लोआ. टोंगा देशातल्या हाकू या नामांकित मल्लाच्या घरात वाढलेले भाऊ, आणि सध्याचे टॅग विजेते. २०१६ ला सेंदाइत ते अंतिम लढतीत माकाबे आणि होन्माकडून हरले. २०१७ ला फुकुओकात इव्हिल-सानादाकडून हरले. आज सलग तिसरी अंतिम लढत. अजिंक्यपदाचे पट्टे कमरेला आहेत पण ही लीग नाही, हे दुखणं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

म्हणजे लढत भाऊ विरुद्ध दोस्त अशी. भावांना एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. टामा सरपटत दोरांखालून निघाला की टांगा त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं आत. इव्हिल आणि सानादा वेगळ्या घडणीचे. इव्हिल ठेंगणा, जाडजूड, सरळ धडक देणारा. सानादा निइगाताचा, २००७ साली ऑल जपानमध्ये सुरुवात केलेला, हवेत उडतो तेव्हाही घाई नसलेला. सानादा आत मार खात असताना इव्हिल दोरी धरून एका जागी खांबासारखा उभा. हाका नाहीत, पाय आपटणं नाही. मला आधी ते थंड वाटलं. मग लक्षात आलं की तो पंचाकडे बघतच नाहीये, त्याची नजर सतत दुसऱ्या एप्रनवर आहे. सानादा सुटला की आधी कुणाला अडवायचं हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. हात लागला तेव्हा इव्हिल समोरच्या मल्लाकडे गेलाच नाही, थेट बाहेरच्या भावाला एप्रनवरून खाली पाडलं आणि मग मागे वळला. दालनात एकच ओरडा झाला. मी मावसभावाला कोपरानं ढोसलं, पण त्यानं ते आधीच टिपलं होतं.

इव्हिल आणि सानादा जिंकले, सलग दुसऱ्यांदा. वरून रंगीत कागदांचा पाऊस झाला, चषक उंचावले गेले. सानादा फार बोलत नाही, पण त्या रात्री तो माइकवर दोन वाक्यं बोलला तरी पुरे होतं. मी मात्र बघत होतो टामा टोंगाकडे. भावाला खांद्याला धरून तो उतरणीवरून परत जात होता, लीगमधल्या सलग तिसऱ्या पराभवानंतर. (पुढे ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये यंग बक्स या तिसऱ्या जोडीसह तिहेरी लढत झाली आणि पट्टेही इव्हिल-सानादाकडे गेले.)

परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, सगळे उभे. मागच्या बाजूला एक सत्तरीच्या आजी मिसावा-कोबाशीपुढे बाकी सगळे फिके असं ठामपणे सांगत होत्या. त्यावर ड्रायव्हरजवळचा एक माणूस वळला आणि म्हणाला, कावादा आणि ताउएनं १९९६ आणि १९९७ अशी दोनदा लीग जिंकली, ते विसरलात काय? आजी म्हणाल्या, दोन म्हणजे तीन नव्हे. कुणीतरी फंक बंधूंचं नाव घेतलं. मावसभाऊ मला भाषांतर करून सांगायचं सोडून स्वतःच भांडायला लागला, आणि चक्क कावादाच्या बाजूनं. आजींनी त्याला विचारलं, तू तेव्हा जन्मला तरी होतास का? मोरिओका स्टेशन आलं, दार उघडलं, तरी ताउएच्या हाताच्या लांबीवरून चाललेला वाद मिटला नव्हता, म्हणून सहा-सात जण तसेच बोलत बोलत स्टेशनाखालच्या नूडलच्या दुकानात शिरले. आम्हीही त्यांच्यामागून.